बाळंतीण आत, बायका अंगणात: फ्रा कार्नेव्हालेच्या एका चित्राचं प्रकरण

लेकीकडे न्यूजर्सीला दोन महिने होते तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दोनदा गेले. पहिल्यांदा सगळे जातात तशी, आणि दुसऱ्यांदा फक्त एका चित्रासाठी. मी शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवायची रीत, शिकवण्यात वीसेक वर्षं गेलीत, त्यामुळे इमारत असलेलं चित्र दिसलं की पाय आपोआप थांबतात. हे चित्र लाकडी फळीवर काढलेलं, पावणेपाच फूट उंच आणि रुंदीला सव्वातीन फुटांपेक्षा जरा कमी. पाटीवर लिहिलेलं, 'मेरीचा जन्म', म्हणजे येशूच्या आईचा. मी तो जन्म चित्रात शोधायला लागले आणि मला तो चटकन सापडलाच नाही, कारण समोर दिसत होता एक भलामोठा वाडा.

वाडा म्हणजे कसा, तर सुंदर घडीव दगडाचा, भिंतींवर जुन्या रोमन शिल्पांसारखी कोरीव कामं, खांब, कमानी, मोठमोठी उघडी दारं. पुढे मोकळी जागा आणि तिथे उंची कपड्यातल्या बायका, लांब झगे, सरळ खाली पडणाऱ्या चुण्या, एकमेकींना भेटताहेत, विचारपूस चालली असावी असं वाटतं. घाई कुणालाच नाही. मग नजर आत जाते, वाड्याच्या उघड्या भागातून मागे, आणि तिथे, अगदी छोट्या आकारात, पलंगावर एक बाई आहे आणि काही बायका एका उघड्या बाळाला अंघोळ घालताहेत. ते बाळ म्हणजे मेरी. जिच्यासाठी चित्र काढलं ती चित्रात अगदी लहान, मागे.

मेरीच्या जन्माची गोष्ट बायबलच्या चार शुभवर्तमानांत नाही, ती नंतरच्या कथांमधून आली. योआकिम आणि अ‍ॅना हे म्हातारं जोडपं, मूल नाही म्हणून समाजात मान खाली, आणि मग देवकृपेने मुलगी झाली, अशी ती कथा. आपल्याकडे हा दिवस ओळखीचा आहे, ८ सप्टेंबर, बांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा याच सणाला धरून भरते आणि वसईकडेही तो मोठ्या भक्तीने पाळतात. म्हणजे विषय आनंदाचा, सोहळ्याचा. बाकीच्या चित्रकारांनी तो तसाच काढलाय. जोत्तोने पादुआच्या चॅपलमध्ये १३०५ च्या आसपास काढला तेव्हा घराची पुढची भिंतच काढून टाकली, बाहुलीघरासारखं, आणि अ‍ॅना नि बाळ आपल्या डोळ्यासमोर ठेवले. गिर्लांदायोने फ्लॉरेन्सला १४८० च्या दशकाच्या शेवटी काढला तेव्हाही श्रीमंत बायका भेटायला येताहेत, पण त्या थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरताहेत आणि ती खोली आपल्या पुढ्यात आहे. इथे मात्र चित्रकाराने बाळंतीण आत ठेवली आणि आपल्याला ठेवलं अंगणात.

तर या प्रकरणातला खरा प्रश्न हा, की असं का केलं. हे देवळाच्या वेदीसाठी केलेलं चित्र आहे, लोक त्याच्यासमोर गुडघे टेकणार, मग मुख्य प्रसंग इतका आत ढकलायचं कारण काय, आणि हे करणारा माणूस कोण?

माणूस कोण याच्यावरच विद्वानांची जवळजवळ शंभर वर्षं गेली. या चित्राला एक जोडीदार आहे, तो आता बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये, जवळपास याच मापाचा. दोन्ही मिळून 'बार्बेरिनी फळ्या' म्हणून ओळखल्या जातात, कारण रोमच्या बार्बेरिनी घराण्याकडे त्या तीनशे वर्षं होत्या. फळ्यांवर सही नाही. १९३९ साली रिचर्ड ऑफनर या अभ्यासकाने सरळ मान्य केलं की नाव सांगता येत नाही आणि चित्रकाराला 'बार्बेरिनी फळ्यांचा मास्टर' असं म्हणायला सुरुवात केली, कलेच्या इतिहासात ही पद्धतच आहे, नाव हरवलेल्या माणसाला त्याच्या कामाचं नाव द्यायचं. मग १९६१ मध्ये फेदेरिको झेरी यांनी या दोन चित्रांवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यांचं म्हणणं पडलं की हा कामेरिनो गावचा जोव्हान्नी आंजेलो दि आंतोनिओ. झेरींची नजर फार मोठी होती, त्यांच्या शब्दाला वजन होतं, त्यामुळे ते नाव बरीच वर्षं चाललं.

पण एक जुनं नाव आधीपासून होतंच की. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या व्हासारीने सोळाव्या शतकात ब्रामान्ते या स्थपतीचं चरित्र लिहिताना एक ओळ लिहून ठेवली होती, की लहानपणी ब्रामान्तेने इटलीतल्या उर्बिनो गावच्या फ्रा कार्नेव्हालेची ('फ्रा' म्हणजे भिक्षू) चित्रं अभ्यासली, आणि या फ्रा कार्नेव्हालेने उर्बिनोतल्या सांता मारिया देल्ला बेल्ला या चर्चसाठी फळी केली होती. या चर्चच्या कामाचा १४६७ सालचा दाखला सापडतो. पुढे १६३१ मध्ये उर्बिनोचा शेवटचा ड्यूक वारला, राज्य पोपच्या ताब्यात गेलं, आणि पोपचा प्रतिनिधी म्हणून तिथे आला कार्डिनल आंतोनिओ बार्बेरिनी, खुद्द पोप अर्बन आठवा याचा पुतण्या. त्याने वेदीवरची चित्रं रोमला आपल्या महालात नेली. १६४४ साली त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी झाली त्यात ही चित्रं आहेत. म्हणजे धागा असा जुळतो, चर्च, मग कार्डिनल, मग यादी, मग फळ्या. २००४-०५ मध्ये मिलानच्या ब्रेरा गॅलरीने आणि मेट्रोपॉलिटनने मिळून फ्रा कार्नेव्हालेवर मोठं प्रदर्शन केलं, त्यासाठी कागदपत्रं नव्याने धुंडाळली, फळ्या इन्फ्रारेडखाली तपासल्या, आणि आता दोन्ही म्युझियम पाटीवर त्याचंच नाव लिहितात.

मला यात सगळ्यात जास्त भिडलं ते या माणसाचं आयुष्य. खरं नाव बार्तोलोमेओ दि जोव्हान्नी कोर्रादिनी, कार्नेव्हाले हे टोपणनाव. १४४५ मध्ये तो फ्लॉरेन्सला फिलिप्पो लिप्पीच्या हाताखाली होता, लिप्पीही संन्यासी चित्रकारच. म्हणजे हा तरुण ऐन मोक्याच्या काळात ऐन मोक्याच्या गावात होता. आल्बेर्तीने पर्स्पेक्टिव्ह समजावून सांगणारं पुस्तक १४३५ मध्ये लिहिलं होतं, तिथल्या कथीड्रलवर ब्रुनेलेस्कीचा घुमट नुकता उभा राहिला होता, आणि शिल्पकार डोनातेल्लोने उठाव शिल्पात खोली कशी दाखवायची ते करून दाखवलं होतं. हे सगळं डोळ्यात भरून हा उर्बिनोला परतला आणि डॉमिनिकन मठात भिक्षू झाला. तिथे सान दोमेनिको चर्चचा नवा दगडी दरवाजा बांधायचं काम निघालं, फ्लॉरेन्सहून मासो दि बार्तोलोमेओ हा शिल्पकार आला, आणि त्या कामाच्या हिशेबाच्या वहीत आपला हा भिक्षू दिसतो, पैशाचे व्यवहार बघणारा, मधला माणूस. म्हणजे हा नुसता चित्रकार नव्हता, बांधकामाच्या साइटवर उभा राहिलेला माणूस होता, दगड किती लागतो, पैसे कोणाला द्यायचे हे बघितलेला. माझ्या मते या चित्राची किल्ली इथेच आहे, आणि चित्रावर बोलताना लोक ही गोष्ट येताजाता सांगून पुढे जातात याचं मला वाईट वाटतं.

कारण बघा, चित्रकार जेव्हा इमारत काढतो तेव्हा दोन प्रकार असतात. एक म्हणजे पडदा, नाटकाच्या मागे लावतात तसा, पुढे माणसं उभी करायची आणि मागे कमानी लावून द्यायच्या. आमच्या मुलांच्या चित्रात बहुतेक वेळा हेच होतं, माणसं आधी काढतात आणि मग उरलेल्या जागेत घर कोंबतात, घराचं दार माणसाच्या कमरेएवढं होतं. दुसरा प्रकार म्हणजे आधी घर बांधायचं आणि मग त्यात माणसं सोडायची. फ्रा कार्नेव्हाले दुसऱ्या प्रकारचा. फळीवर गेसोचा, म्हणजे पांढऱ्या लुकणाचा, थर देऊन, तो घोटून गुळगुळीत करून, त्यावर टोकदार हत्याराने आणि पट्टीने इमारतीच्या रेषा चक्क कोरून घ्यायच्या, पुसल्या जाऊ नयेत म्हणून. सगळ्या आत जाणाऱ्या रेषा एका बिंदूकडे ओढायच्या, आपण मुलांना शिकवतो तो व्हॅनिशिंग पॉइंट. आणि मग रंग. दुसऱ्यांदा गेले तेव्हा चित्राच्या एका बाजूला जाऊन, प्रकाश तिरका पडेल असं उभं राहून, मान वाकडी करून बघत होते, गार्डने दोनदा बघितलं माझ्याकडे, पण काही म्हणाला नाही. खांबाची एक कड बघितली, इतकी धारदार की ती हाताने ओढलेली नाही हे कुणाही ड्रॉइंग टीचरला कळेल. आणि त्याच खांबाजवळच्या बाईच्या झग्याची चुणी मात्र मऊ, ब्रशने हळूहळू उतरवलेली. एकाच फळीवर दोन हात काम करताहेत असं वाटतं, गवंड्याचा एक आणि लिप्पीच्या शिष्याचा एक, आणि दोन्ही त्याचेच.

आता मूळ प्रश्नाकडे येते, जन्म इतका मागे का. याची उत्तरं बरीच दिली गेली, कुणी म्हणालं चित्रकाराला इमारतींचा नाद होता आणि धर्म नावापुरता, कुणी म्हणालं हे नुसतं दरबारी श्रीमंती दाखवणं. मला ही दोन्ही पटत नाहीत. मी चित्रासमोर उभी राहून विचार केला की हे घर खरं असतं तर कसं असतं. आणि एकदम माझ्या आजोळचं घर आठवलं. बाळंतिणीची खोली कुठे असते? आत. अंधारी, उबदार, वारा न लागणारी. भेटायला आलेल्या बायका कुठे बसतात? ओसरीवर, अंगणात, आधी एकमेकींशी बोलतात, मग एकेकीला आत सोडतात, तेही पाय धुऊन. बाळाला न्हाऊ घालायचं चाललं असेल तर कुणीच आत जात नाही, बाहेर थांबतात. फ्लॉरेन्स आणि उर्बिनोतही त्या काळी बाळंतिणीला बायकांनी भेटायला जाणं हा मोठा सामाजिक प्रघात होता, त्या निमित्ताने रंगवलेली तबकं भेट द्यायचे, आजही म्युझियममध्ये ती बघायला मिळतात. तर फ्रा कार्नेव्हालेने काय केलं, त्याने घराचं ऐकलं. घर सांगतं बाळंतीण आत, तर आत. बाकी चित्रकारांनी भक्ताच्या सोयीसाठी भिंत पाडली, याने भिंत ठेवली आणि भक्ताला भेटायला आलेल्या बाईच्या जागी उभं केलं. तुम्ही आत्ताच आलात, दारातूनच आतली लगबग दिसतेय, अजून तुम्हाला कुणी आत बोलावलेलं नाही. मला यात भक्ती कमी वाटत नाही, उलट इतकी घरगुती, इतकी जवळची भक्ती मी दुसऱ्या कुठल्या चित्रात बघितली नाही.

आणि ते चर्च कसलं होतं तेही बघायला हवं. सांता मारिया देल्ला बेल्ला हे एका धार्मिक बंधुसंघाचं, इस्पितळाशी जोडलेलं. त्या काळचं इस्पितळ म्हणजे फक्त औषधपाणी नव्हे, गरीब, वाटसरू, निराधार यांचा आसरा. वेदीसमोर येणाऱ्या माणसाला बाळंतिणीची सेवा, अंघोळ, पलंग, पाणी हे सगळं नवीन नव्हतं, ते रोजचं काम होतं. म्हणून ते चित्रातही रोजच्या कामासारखंच चाललंय, प्रभावळ न लावता.

बॉस्टनचं चित्र बघितलं की हे अजून पक्कं होतं. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, मोठ्या फोटोवरूनच अभ्यास केला, पण म्युझियमने ठेवलेला फोटो इतका मोठा करता येतो की फरशी मोजता येते. तिथे एक प्रचंड देऊळ आहे, पुढे विजयकमानीसारखी कमान, आत लांबच लांब जाणारं दालन. पुढे निळ्या कपड्यातली एक मुलगी बायकांबरोबर आलीये. शीर्षक आहे 'मेरीचं मंदिरात समर्पण' आणि पुढे प्रश्नचिन्ह, म्युझियमनेच लावलेलं. का, तर या प्रसंगात नेहमी तीन वर्षांची मेरी पंधरा पायऱ्या एकटी चढून जाते आणि वर मुख्य पुजारी तिला घ्यायला उभा असतो. इथे तो पायऱ्यांचा जिना नाही, हात पुढे करणारा पुजारी नाही. त्याऐवजी देवळापाशी भिकारी आहेत, उभ्या उभ्या रेंगाळणारे तरुण आहेत, कुठल्याही देवळाबाहेर असतात तसे. मला वाटतं हाही तोच हिशेब. ती अजून पोचायची आहे. पुजारी नेहमी असतो तिथे, आत गाभाऱ्यात असणार. चित्रकाराने पोचण्याच्या आधीचा क्षण घेतला, कारण तोच क्षण बाहेरून दिसतो, आणि आपण बाहेर आहोत.

आणि त्याच देवळाच्या दर्शनी भिंतीवर वर उठावात काय कोरलंय, तर देवदूताने मेरीला दिलेला येशूच्या जन्माचा निरोप आणि मेरीची तिच्या नातलग एलिझाबेथशी झालेली भेट. म्हणजे ही चिमुरडी खाली उभी आहे आणि तिच्या पुढच्या आयुष्यातले प्रसंग दगडात कोरून तिची वाट बघताहेत, आणि ते तिने बघितलेही नाहीत. मला ते दिसलं तेव्हा अंगावर काटा आला. खालच्या बाजूला रोमन पद्धतीच्या नाचणाऱ्या आकृती आहेत. म्हणजे खाली जुनं रोम आणि वर जे घडायचंय ते. हे सगळं इमारतीनेच सांगितलंय, एकाही माणसाने बोट दाखवलेलं नाही.

लोक म्हणतात की न्यूयॉर्कच्या चित्रातला वाडा उर्बिनोच्या ड्यूकल पॅलेसची आठवण करून देतो, तिथल्या सत्ताधीशाचा, फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रोचा, तो प्रसिद्ध महाल. आठवण होते हे खरं. पण तारखा शेजारी ठेवा. चित्राच्या कामाचा दाखला १४६७ चा आणि फेदेरिकोने लुचानो लाउरानाला महालाचा मुख्य स्थपती म्हणून सनद दिली ती १४६८ च्या जूनमध्ये. महालाचं काम त्याच्या आधीपासून चालू होतं, तरी आज आपण जो नितळ, प्रमाणबद्ध चौक फोटोत बघतो तो लाउरानाच्या काळातला. म्हणजे चित्रातला वाडा हा तयार महालाची नक्कल असू शकत नाही. त्या गावात तेव्हा सगळेच एकाच स्वप्नातल्या घराबद्दल बोलत असणार, फेदेरिको, स्थपती, भिक्षू, आणि भिक्षूच्या हातात फळी होती म्हणून त्याचं घर लवकर बांधून झालं. उर्बिनोजवळचाच ब्रामान्ते १४४४ चा जन्म, म्हणजे तेव्हा तेवीस वर्षांचा पोरगा, व्हासारीचं खरं मानलं तर हे सगळं बघत वाढलेला. त्याने पुढे १५०६ मध्ये रोमला सेंट पीटर्सचा पाया घातला.

बार्बेरिनींबद्दल रोममध्ये एक म्हण झाली होती, जे रानटी टोळ्यांनी केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं, पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाचं ब्राँझ काढून वितळवलं त्यावरून. उर्बिनोच्या त्या वेदीवर नंतर दुसऱ्या चित्रकाराचं चित्र बसवलं गेलं आणि ज्यांच्या इस्पितळासाठी हे केलं त्यांच्या डोळ्यासमोरून ते कायमचं गेलं. १९३४ मध्ये इटालियन सरकारने बार्बेरिनी वारसांना काही कलाकृती विकायची खास परवानगी दिली, त्यानंतर एक फळी १९३५ ला मेट्रोपॉलिटनने घेतली आणि दुसरी १९३७ ला बॉस्टनने. २००५ च्या प्रदर्शनात दोघी परत एका छताखाली आल्या होत्या, तेवढ्यापुरत्या.

परत आल्यावर मी वर्गात एक गोष्ट केली. चित्राचा मोठा प्रिंट काढला आणि मुलांना सांगितलं की माणसं विसरा, या घराचा वरून दिसणारा नकाशा काढा. आधी जोत्तोच्या चित्रावर हेच करून बघितलं होतं, तिथे एक पेटी काढून मुलं थांबली, पुढे जाताच येईना. या वाड्याचा नकाशा मात्र सगळ्यांना काढता आला. अंगण, खांबांची ओळ, त्यामागे खोली, पलंग भिंतीला लावलेला. आठवीतली एक मुलगी बराच वेळ थांबली आणि मग खोलीच्याही मागे, चित्रात अजिबात न दिसणाऱ्या जागी, तिने एक चौकोन काढून त्यात चूल दाखवली. मी विचारलं हे कुठे दिसलं तुला. ती म्हणाली, "दिसत नाही बाई, पण बाळाच्या अंघोळीचं पाणी कुठेतरी तापवलं असेल ना."